फुप्फुसात गाठ सुरू होताना रोगप्रतिकारक पेशी नेमकं काय करतात?

रक्षण करतातच, पण कधीकधी घरचा भेदीही ठरतात. विडी-सिगारेटला हात न लावणाऱ्यांना कॅन्सर कसा होतो, याचं एक उत्तर इथेच आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने 2023 मध्ये दाखवलं, की पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या ईजीएफआर जनुकात बिघाड असलेल्या पेशी निरोगी फुप्फुसातही सापडतात. एरवी त्या गपगार पडून असतात. प्रदूषित हवेतले पीएम 2.5 नावाचे अतिसूक्ष्म कण आत गेले की मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि इंटरल्युकिन-1 बीटा हा दाह पेटवणारा रेणू सोडतात. त्या दाहाने बिघाड असलेल्या पेशींना वाढायला चेव येतो. उंदरांमध्ये हा रेणू अँटिबॉडीने अडवल्यावर गाठी कमी झाल्या. म्हणून लगेच कोणी दाह कमी करणाऱ्या गोळ्या सुरू करू नयेत! माणसांत झालेला कॅन्सर याच मार्गाने आटोक्यात आणण्याच्या मोठ्या चाचण्या फसल्या आहेत.