मॉरिशसला येतोयस ना? मग आधी क्रिओल शिकायला लाग

मंदार, तुझा मेसेज दोनदा वाचला. एबेनमध्ये, म्हणजे इथल्या ऑफिसांच्या वसाहतीत, फंडांचे हिशेब बघणाऱ्या ऑफिसातली नोकरी, पगार मॉरिशसच्या रुपयात, तन्वी फिजिओथेरपिस्ट, इरा पहिलीत. आणि शेवटी तू लिहिलंयस, "मावशी, तिथे निम्म्याहून जास्त लोक आपलेच ना, मग अवघड काय आहे?" अकरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत विमानात बसले होते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

चेहऱ्यांवर जाऊ नकोस. साधारण दोन तृतीयांश लोकांचे पूर्वज भारतातून आले, हे खरं. 1834 पासून इंग्रजांनी ऊसमळ्यांसाठी करारावर साडेचार लाखांहून जास्त माणसं इथे आणली. राजधानी पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर ती बोटीतून उतरत, त्या दगडी पायऱ्या अजून आहेत. पण आज त्यांची पणतवंडं एकमेकांशी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात आणि सरकारी फॉर्म इंग्रजीत भरतात. बस कंडक्टरशी मी पहिल्या आठवड्यात हिंदीत बोलले, तर त्याने कौतुकाने हसून क्रिओलमध्येच उत्तर दिलं. ऑफिसात मीटिंग इंग्रजीत होते, पण खरे निर्णय जेवणाच्या टेबलावर क्रिओलमध्ये होतात. मला तिथे बसूनही काही कळायचं नाही, आणि पहिलं वर्ष त्यातच गेलं. तू निघण्याआधी तीन महिने रोज थोडं शिक. "की मानिएर?", म्हणजे "कसं काय?", एवढं विचारलंस तरी भाजीवाली खूश होते.

आपल्या मराठी माणसांचं तर वेगळंच. त्यांचे पूर्वज बरेचसे कोकणातले. मुलं शाळेत मराठी विषय घेतात, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत पुढेही शिकता येतं, पण घरात बोलतात क्रिओल. गणपतीची सार्वजनिक सुटी असते, आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला. म्हणजे दीड दिवसाचा गणपती! आणि तिथे ते "झाकरी" नाचतात. मी चिपळूणची; ती पावलं बघून हातातली आरतीची थाळी तशीच राहिली, कारण ती आपली जाखडीच. पण गाणाऱ्या आजोबांना मी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" तर म्हणाले, वाक्वा, म्हणजे इथलंच एक शहर. बरोबरच होतं त्यांचं. त्यांना "मूळचे कुठले" हे पुनःपुन्हा विचारू नकोस. ते मॉरिशसचे आहेत.

आता पैसा. इथला एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन ते दोन, त्यामुळे पगाराचा आकडा फुगलेला दिसतो. बेटावर ऊस सोडला तर फार काही पिकत नाही. तांदूळ, गहू, डाळी, दूध पावडर, गाड्या, सगळं जहाजाने येतं. तांदूळ-पिठासारखं काही सोडलं तर बहुतेक वस्तूंवर 15 टक्के व्हॅट. तेव्हा खर्चाचा हिशेब पुण्याच्या दराने मांडू नकोस. डिसेंबरात एका पगाराएवढा बोनस कायद्यानेच मिळतो, तो करारात वेगळं आमिष म्हणून दाखवला असेल तर भुलू नकोस. 

तुझं काम ज्यावर चालतं ते मात्र समजून ये. आधी सगळा देश साखरेवर. 1970 मध्ये निर्यातीसाठी कारखान्यांना सवलती दिल्या आणि कपड्यांचा धंदा उभा राहिला, मग पर्यटन, मग परदेशी गुंतवणुकीचं हे काम. भारतात येणारा बराच पैसा इथून वळायचा, कारण भारत आणि मॉरिशसमधल्या जुन्या कर करारामुळे भांडवली नफ्यावर दोन्हीकडे कर नव्हता. 2016 मध्ये तो करार बदलला. पुढे फेब्रुवारी 2020 ते ऑक्टोबर 2021 देश एफएटीएफच्या, म्हणजे काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, करड्या यादीत होता, तेव्हा आम्ही ग्राहकांचे कागद तपासून तपासून थकलो. धंदा संपला नाही, पण "टॅक्स वाचवा" म्हणणारी सुखाची नोकरी आता राहिली नाही. ज्याला नियमांचा कंटाळा येतो त्याने येऊ नये.

राजकारणाची काळजी करू नकोस. 1968 ला स्वातंत्र्य, 1992 ला प्रजासत्ताक, सैन्य नाही, निवडणुका होतात आणि सरकारं शांतपणे बदलतात. नोव्हेंबर 2024 मध्ये नवीनचंद्र रामगुलाम यांच्या विरोधी आघाडीने 62 पैकी 60 जागा जिंकल्या. गंमत म्हणजे काही जादा जागा अजून 1972 च्या जनगणनेतल्या धर्म-वंशाच्या गटांच्या हिशेबाने वाटल्या जातात, कारण त्यानंतर जनगणनेत कुणाला आपला गट विचारलाच नाही. हे ऑफिसात चर्चेला काढू नकोस.

घर समुद्राकाठी हवं, असं तन्वी म्हणतेय. आधी मधल्या पठारावर बघा. बेट उत्तर-दक्षिण 65 किलोमीटर, पण हवा दोन प्रकारची: किनाऱ्यावर घाम, पठारावरच्या क्युर्पिपला जुलैत स्वेटर आणि भिंतींना बुरशी. मी कात्र बोर्नला राहते. मेट्रो आहे, गुरुवारी आणि रविवारी बाजार भरतो, एबेन जवळ. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. इशारा एक ते चार वर्गांत देतात. तिसरा लागला की कामं बंद, घरात बसायचं. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या. भाड्याचं घर बघताना पाणी कुठून वाहतं, ते शेजाऱ्याला विचार, दलालाला नको.

इराचं: इथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे जूनमध्ये आलात तर अर्धं वर्ष मध्येच लटकेल. सरकारी शिक्षण फुकट आहे, पण बाहेरून आलेले बहुतेक जण खासगी शाळा घेतात. फी कंपनी देते का, ते आत्ताच लेखी घे. तन्वीच्या परवान्याचं आणि नोंदणीचंही तसंच. "आल्यावर बघू" म्हणणाऱ्याने माझे सात महिने खाल्ले.

खाण्याची चिंता सोड. कोपऱ्यावर ढोल पुरी मिळते, पुरणपोळीतला गूळ काढून आत नुसती डाळ भरावी तशी, सोबत वालाची भाजी आणि तिखट चटणी. पहिल्याच दिवशी इराला दे. येताना माझ्यासाठी आमसुलं आण. बिया आणि रोपं आणू नकोस. माझी अळूची मुळं विमानतळावरच राहिली.