काकूने चौदा दिवसांचं टाइमटेबल पाठवलंय, मला चारच दिवस राहायचंय

ताई, मी २४ वर्षांची, राहते मुलुंडला, जॉब अंधेरीला. दोन वर्षं पैसे साठवून पहिल्यांदाच परदेशी चाललेय, एकटीच, तीन आठवडे. फ्रँकफर्टला उतरून आधी स्टुटगार्टला सख्ख्या काकांकडे, मग ट्रेनने स्ट्रासबुर्ग, स्वित्झर्लंड, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन आणि परत फ्रँकफर्ट. काकांकडे मी चार दिवस धरलेत, सोमवार ते गुरुवार, आणि काकूने चौदा दिवसांचं टाइमटेबल पाठवलंय! स्क्रीनशॉट जोडलाय. आई म्हणते सख्खे काका असताना हॉस्टेलात कशाला, शिवाय व्हिसासाठी पत्र पण काकांनीच दिलंय. त्यात बाबा आणि काका गिरगावच्या खोलीवरून गेली सहा वर्षं नीट बोलत नाहीत, बाबा म्हणतात विषय निघाला तर गप्प बस. काका एअरपोर्टवर घ्यायला येतो म्हणतायत, मला त्याचंही ऑकवर्ड वाटतंय. आणि आईने बॅगेत भरायला काय काय काढलंय ते विचारूच नका, यादी सोबत जोडलीय. मी स्वार्थी आहे का हो? काकूला मेसेज कसा लिहू? आणि तिथे घरात गेल्यावर काय करायचं, पैसे द्यायचे का?
– अडकलेली पाहुणी, मुलुंड

अगं अडकलेल्या,

स्वार्थीबिर्थी काही नाहीयेस, ते आधी डोक्यातनं काढून टाक. दोन वर्षं लोकलचे धक्के खाऊन पैसे साठवलेस, ते तुला हवे तसे खर्च कर. पण तू स्क्रीनशॉट जोडलायस तो मी दोनदा वाचला आणि मला वाटतं तू तो नीट वाचलेला नाहीस. तुला फक्त चौदा हा आकडा दिसला. मला मधली एक ओळ दिसली, "बुधवार – घरीच, उकडीचे मोदक, दोघी मिळून." मंगळवारी मर्सिडीजचं म्युझियम, गुरुवारी टिटिझेचा तलाव, शनिवारी मंडळाचा कार्यक्रम, हे सगळं कोणत्याही पाहुण्याला दाखवतात तसलंच आहे. पण ते "दोघी मिळून" बघ ना. पंधरा वर्षांचा मुलगा, तू म्हणतेस तसा मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारा, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि आता घरात आपल्या भाषेत बडबडणारी एक पुतणी येणारे. तिने चौदा काय, चाळीस दिवसांचं पण केलं असतं.

आता माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी मध्ये का पडतेय ते कळेल. १९९६ साली मी लेस्टरला मावशीकडे गेले होते, तेवीस वर्षांची होते, डोक्यात फक्त लंडन. आठ दिवस राहिले असं मी लोकांना सांगते, पण खरं तर माझी बॅग राहिली आठ दिवस, मी सकाळी कोच पकडायचे ती रात्री उशिरा उगवायचे, मावशी जेवायची थांबलेली असायची आणि मी बाहेर सँडविच खाऊन आलेली. शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं, त्यावर पेन्सिलीने सात चौकोनांवरनं एक लांब रेघ आणि वर लिहिलेलं "पाहुणी". खाली एकेका चौकोनात बारीक अक्षरात – बाजार, पुरणपोळी, स्केगनेस (म्हणजे तिकडचा समुद्र), साड्या दाखवणे. साड्या दाखवणे! होजिअरीच्या कारखान्यात कामाला होती ती, आठवडाभर बिनपगारी रजा काढली होती आणि मला बोलली नव्हती. मी पाणी प्यायले आणि बॅग भरायला गेले. ती पण काही बोलली नाही, स्टेशनवर सोडायला आली, डबा दिला.

मी खूप वर्षं समजत होते की मी जास्त दिवस राहायला हवं होतं. तसं नाहीये गं. मी तीनच दिवस राहिले असते पण "हे तीन दिवस तुझे" असं आधी सांगितलं असतं तर तिची रजा वाचली असती आणि साड्याही बघून झाल्या असत्या. तिला माझा हिशोबच लागत नव्हता, आज ही येणार की नाही, कुकर लावू की नको. त्रास त्याचा झाला.

म्हणून तुला सांगते, निघायची तारीख आत्ताच, इथूनच, तिकिटासकट काकूला कळव. तिथे पोचल्यावर, चहा पिताना, "अगं काकू मी परवा निघतेय" असं अजिबात नको. आणि चारचे सहा दिवस कर. हे दोन दिवस मी आईच्या बाजूने बोलतेय असं समजू नकोस, साधं गणित आहे, तू म्हणतेस सोमवारी पोचून गुरुवारी संध्याकाळी निघणार, म्हणजे काका तुला फक्त टाय सोडताना दिसणार. गुरुवारी उतर, बुधवारी सकाळी निघ, मध्ये शनिवार-रविवार येतो. रविवारी तिकडे जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, माणसं घरात किंवा जंगलात चालायला, म्हणजे काका आपोआप तुझ्या वाट्याला येतात. प्रागमधला एक आणि व्हिएन्नातला एक दिवस कमी कर, प्राग कुठे पळून जात नाही.

आणि त्या सहा दिवसांत राहा. म्हणजे खरंच राहा, फोनवर पुढच्या हॉस्टेलांचे रिव्ह्यू वाचत सोफ्यावर पडून राहू नकोस.

व्हिसाचं आई जे म्हणते त्यात अर्धं तथ्य आहे. शेंगेनचा व्हिसा ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे मागायचा असतो, तू जर्मनीकडे मागितलास, तर स्टुटगार्ट, बर्लिन आणि शेवटचा फ्रँकफर्टचा दिवस मिळून जर्मनीचेच दिवस सगळ्यात जास्त राहायला हवेत, आणि सहा अधिक चार अधिक एक, ते राहतायत. सगळे दिवस काकांच्याच घरात काढायला हवेत असं काही नसतं, त्या एका व्हिसावर २९ देश फिरता येतात. फक्त एक बघ, काकांनी नुसतं "माझी पुतणी येतेय, माझ्याकडे उतरेल" असं पत्र दिलंय की तिथल्या सरकारी ऑफिसात जाऊन तुझ्या खर्चाच्या हमीचा फॉर्म सही करून दिलाय? दुसरं असेल तर तुझ्यावर तिथे काही सरकारी खर्च पडला, हॉस्पिटलचा वगैरे, तर तो त्यांच्याकडून वसूल होऊ शकतो. माणूस भावाशी बोलत नाही आणि भावाच्या मुलीसाठी असल्या कागदावर सही करतो, ह्याचा जरा विचार कर. आणि इन्शुरन्स घेताना कमीत कमी ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, त्यात स्वस्तातलं शोधत बसू नकोस, चांगला घे.

एअरपोर्टचं. फ्रँकफर्ट विमानतळाच्या खालूनच फास्ट ट्रेन सुटते, सव्वा तासाच्या आसपास स्टुटगार्ट, तुला एकटीला सहज जमेल, आणि काका मात्र दोनेकशे किलोमीटर गाडी चालवत येणार आणि परत तेवढेच जाणार. म्हणून तुला वाटतं नको. मी म्हणते येऊ दे त्यांना! आपल्याकडे सहारला एका माणसाला सोडायला सात जण सुमो करून जायचे, त्या घरातला माणूस आहे तो, त्याला तिथे दारात उभं राहायचंय. फक्त एवढं सांग की विमान उतरल्यावर लगेच बाहेर येणार नाही, ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे बाहेरून येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झालीय, रांगेत वेळ जाऊ शकतो. आणि काकांचा पत्ता, फोन कागदावर लिहून पासपोर्टबरोबर ठेव, इमिग्रेशनवाल्याने कुठे राहणार विचारलं आणि नेमका तेव्हाच मोबाईल बंद पडला तर फजिती नको.

घरात गेल्यावर काय करायचं, पैसे द्यायचे का वगैरे तू शेवटी विचारलंयस. पैशाचं नाव काढू नकोस, काका चिडतील. त्यापेक्षा काम कर. माझा भाचा तीन वर्षं स्टुटगार्टला होता, त्याच्याकडून ऐकलेलं सांगते, त्या भागात बिल्डिंगचा जिना आणि बाहेरचा फुटपाथ झाडायची भाडेकरूंची पाळी असते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक छोटी पाटी लटकते. त्याला म्हणतात केरवोखे, म्हणजे झाडायचा आठवडा, शब्दातच आपला केर आहे बघ! भाचा पहिल्या महिन्यात ती पाटी शेजाऱ्याने चुकून लावली असेल असं समजून परत त्याच्या दाराला अडकवून आला होता, मग खालच्या आजीबाईंनी वर येऊन जे काय सुनावलं ते त्याला जर्मन येत नसून कळलं. तर तुझ्या आठवड्यात काकूच्या दारावर पाटी असली तर तिला न विचारता तीन मजले झाडून काढ. बाकी रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकू नकोस, प्लास्टिकच्या एकवेळच्या बाटलीवर पंचवीस सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की परत मिळतं, त्या चुलतभावाला बरोबर घेऊन जा, तुम्हा दोघांना भाषेशिवाय करता येईल असं हे एक काम आहे आणि येताना चॉकलेट येतं. रात्री दहानंतर मात्र आवाज कमी, आईला व्हिडिओ कॉल केलास तर इअरफोन लाव, आपल्या आया फोनवर मुलुंडहून स्टुटगार्टला थेट ऐकू जाईल एवढ्यानं बोलतात. (आणि उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार, हे तिला लिहून दे, नाहीतर तुझ्या पहाटे तीनला फोन येईल.)

आता गिरगावची खोली. बाबा गप्प बस म्हणतात ते मला पटत नाही. मोठ्यांनी सरळ प्रश्न विचारला आणि तू भिंतीकडे बघत बसलीस तर त्याचे वाटेल ते अर्थ निघतात. विषय निघालाच तर म्हण, "काका, त्यातलं मला खरंच काही माहीत नाही, ते तुम्ही बाबांशीच बोला ना." एवढंच, पुढे एक शब्द नाही, आणि काका काय म्हणाले ते बाबांना रात्री फोनवर सांगायचं नाही आणि बाबा काय म्हणाले ते काकांना सांगायचं नाही, तू टपालखातं नाहीस. पण जायच्या आधी बाबांना एक विचार, काकांसाठी काही द्यायचंय का. आईला नको विचारू, आईने ऑलरेडी अर्धा मुलुंड बाजार उचललाय. बाबांना विचार. नाही म्हणाले तर नाही. पण त्या खोलीतला, गॅलरीतला, दोघे भाऊ हाफ चड्डीत असा एखादा फोटो कपाटात असणारच, तो तू मोबाईलवर काढून घे आणि एका संध्याकाळी काकांना "ह्यात तुम्ही कुठले?" एवढंच विचार. त्याचं पुढे काय होईल ते होईल.

बॅगेवर येते. आईची यादी वाचून हसले मी. पेढे, साजूक तूप, श्रीखंडाचा डबा, सगळं काढ, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचं आणि मांसाचं काही नेता येत नाही, मग घरचं असो नाहीतर देवाचा प्रसाद असो. हापूसची पेटी पण नको, प्रवाशाने न्यायच्या आंब्यालासुद्धा रोगकीड नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, २०१४ साली तर फळमाशीमुळे त्यांनी आपल्या आंब्यावरच बंदी घातली होती, २०१५ मध्ये उठवली. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं, पापड, चकल्या हे बिनधास्त ने, पिशव्यांवर नावं लिही. लोणचं चेक-इन बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून.

काकूला मेसेज कसा लिहू म्हणतेस, तर असा काहीतरी, तुझ्या भाषेत कर: "काकू, टाइमटेबल बघून एवढं भारी वाटलं! मी गुरुवारी येतेय आणि पुढच्या बुधवारी सकाळच्या ट्रेनने स्ट्रासबुर्गला निघतेय, तिकीट काढलंय. ते सहा दिवस मी पूर्ण तुमची. रजा वगैरे काढू नकोस हं. टिटिझे आणि म्युझियम यातलं एकच करूया, मंडळात नक्की येते, पण मोदकांचा दिवस कॅन्सल करायचा नाही, मी येतेय त्या आठवड्यात कधीही ठेव." तिकीट काढल्यावरच पाठव, आधी नाही, नाहीतर वाटाघाटी सुरू होतील. ती थोडी रुसेल, एक रडका इमोजी येईल, दुसऱ्या दिवशी नवीन टाइमटेबल येईल सहा दिवसांचं. येऊ दे.

आणि हो, आईने मोदकांसाठीच बहुतेक सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवल्यात ना, त्या पण राहू देत घरी. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यात एवढं तेल असतं की पेट घेऊ शकतं म्हणून एअरपोर्टवर काढून घेतात. आणि उकडीच्या मोदकांना तसंही ओलं खोबरं लागतं, ते काकू बघेल तिथे. तू त्या जागेत एक किलो मोदकाची पिठी भर.

तुझी ताई