मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, चष्म्यानेही नजर ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसतं). पण वर्तमानपत्र आता ते बिनचष्म्याचं वाचतात! शेजारी म्हणतात, पूर्ण पिकू द्या आणि थंडीत काढा. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : बिनचष्म्याचं वाचता येतंय म्हणून नजर सुधारली असं समजू नका. मोतीबिंदूत डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्याला मायनस नंबर येतो. जवळचं दिसू लागतं, लांबचं जातं. पुढे जवळचंही पुसट होतं.

पिकू देण्याचा सल्ला जुन्या, मोठा छेद आणि टाके घालण्याच्या काळातला. आता फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी गाभ्याचा चुरा करून तो ओढून घेतात आणि भिंगाच्या रिकाम्या पिशवीत घडीचं कृत्रिम भिंग सरकवतात. गाभा जितका कडक, तितक्या लहरी जास्त लागतात आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागच्या पेशी तितक्या जास्त मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. शिवाय मोतीबिंदू फुगला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. थंडीची वाट पाहायचंही कारण नाही.

मग कधी काढायचा? नुसत्या ६/१८ वर ठरवू नका. बसची पाटी वाचता येते का? रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकतो का? जिन्याची शेवटची पायरी चुकते का? रोजचं अडत असेल तर काढून टाका. अडत नसेल तर सहा महिन्यांनी तपासणी पुरे. मात्र मोतीबिंदूआडून डोळ्याचा मागचा पडदा डॉक्टरांना दिसत नसेल, तर मधुमेह्याने थांबू नये.

आधी बाहुली मोठी करून तो पडदा तपासून घ्या. त्यावर मधुमेहाचा दोष असेल तर मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं) भिंग सहसा टाळतात. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी घेतली असेल, तर सर्जनला आधीच सांगा : बाहुली नीट मोठी होत नाही, शस्त्रक्रिया अवघड होते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

नंतर साधारण महिनाभर थेंब, डॉक्टर सांगतील तोवर डोळ्यात पाणी नाही. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसायला लागलेलं पुन्हा अंधुक झालं, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतला संसर्ग काही तासांत डोळा घालवू शकतो.