गुरांची डॉक्टर व्हायला लेकीला चीनला धाडू का?

प्रश्न : माझ्या मुलीला गुरांची डॉक्टर व्हायचंय. नीटमध्ये मार्क कमी पडले, परभणी-उदगीरला नंबर लागला नाही. एक एजंट म्हणतो, चीनच्या विद्यापीठात सीट आहे, सगळं इंग्रजीतून शिकवतात, पदवी इकडं चालते. त्यासाठी एकरभर रान विकायला काढावं लागेल. काय करू?
– एक वाचक, ता. अहमदपूर

उत्तर : एजंट कागद दाखवीपर्यंत रानाला हात लावू नका. मोबाइलवरचा फोटो म्हणजे कागद नव्हे. 1984 च्या कायद्यानुसार पशुवैद्यक परिषदेत नोंदणी असल्याशिवाय आपल्याकडं प्रॅक्टिस करता येत नाही. तेव्हा भारतीय पशुवैद्यक परिषदेलाच कॉलेजचं नाव घालून पत्र लिहा : ही पदवी मान्य आहे का, परत आल्यावर परीक्षा कोणती, इंटर्नशिप किती? उत्तर लेखी घ्या.

इंग्रजीचं म्हणाल, तर तिथं पदवीचं शिक्षण बहुतेक चिनीतूनच चालतं. इंग्रजीतून असतं ते मुख्यतः पुढचं, मास्टर्स-पीएचडीचं. त्याला चिनी सरकारची शिष्यवृत्तीही मिळते, रान विकावं लागत नाही.

तिथलं शास्त्र हलकं आहे असं मात्र समजू नका. गुरांची बुळकांडीची साथ तुमच्या वडिलांना आठवत असेल. हार्बिनला 1948 साली पशुवैद्यकीय संशोधन संस्था निघाली, तिथं या रोगाच्या लशीवर काम झालं आणि 1950 च्या दशकातच चीननं तो हटवला. आपला देश बुळकांडीमुक्त जाहीर झाला 2006 साली. अलीकडचं सांगायचं तर 2015 मध्ये ग्वांगझू आणि बीजिंगच्या कृषी विद्यापीठांतल्या संशोधकांनी डुकरांतल्या जंतूंमध्ये कोलिस्टिन या जंतू मारणाऱ्या औषधाला न जुमानणारा जनुक शोधला. एक जंतू तो दुसऱ्याला सहज देतो. पुढं चीननं खाद्यातलं कोलिस्टिन थांबवलं, 2019 मध्ये आपल्याकडंही जनावरांसाठी त्यावर बंदी आली. शेजारी कुणाची पोल्ट्री असेल तर या बंदीबद्दल विचारून बघा.

पण जगातली निम्मी-अर्धी डुकरं चीनमध्ये, त्यामुळं तिथलं बरंच शिक्षण-संशोधन डुकरांभोवती फिरतं. तुमच्या लेकीला बघायचीय आपली देवणी आणि लाल कंधारी गाय आणि उस्मानाबादी शेळी.

शेळीवरून आठवलं. 2010 च्या डिसेंबरात हार्बिनच्याच एका कृषी विद्यापीठात प्रात्यक्षिकाला चार शेळ्या आणल्या, त्यांची तपासणीच केली नव्हती. पुढं 27 विद्यार्थी आणि एक शिक्षक, असे 28 जण ब्रुसेलाच्या, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या एका जंतूच्या तापानं आजारी पडले. कॉलेजच्या प्रमुखांचं पद गेलं.

मी हसलो नाही, कारण हा ताप मी स्वतः काढलाय. औशाकडच्या एका वाडीत सातव्या महिन्यात गाभडलेली देवणी, वार अडकलेली. गाडीतले हातमोजे संपलेले. मालकीणबाई कंदील धरून उभी, म्हणाली, ‘डॉक्टर, तेवढं बघा की.’ साबण चोळला आणि उघडाच हात आत घातला. वार सुटायला पाऊण तास लागला. तीन आठवड्यांनी रोज संध्याकाळी ताप, रात्री अंथरूण घामानं ओलं, कंबर तर मोडल्यासारखी. दोनदा मलेरियाच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं, मग सहा आठवडे औषध. त्या गायीनं तिसऱ्या दिवशी वैरणीला तोंड लावलं, मी मात्र चार महिने पायरी चढताना भिंत धरत होतो.

हे लेकीला वाचून दाखवा. ऐकूनही तिचं मन तेच म्हणत असेल तर एक वर्ष पुन्हा नीटला बसू द्या. उदगीर तुमच्या हाकेवर आहे. कॉलेजच्या दवाखान्यात परवानगी काढून सकाळच्या वेळी नुसतं उभं राहून बघू दे. गमबूट तिचे तिनं न्यावेत. खांद्यापर्यंतच्या मोज्यांचा एक डबा माझ्याकडं पडून आहे, तो मी देतो.