ग्वान्शी म्हणजे नुसता वशिला नव्हे

प्रश्न : चिनी समाजातील ‘ग्वान्शी’, म्हणजे देवाणघेवाणीतून जपलेली नाती व ओळखी, हा आपल्याकडचा वशिलाच का?

उत्तर : वशिला हा तिचा एक भाग झाला, पण तेवढ्यावरच थांबणे मला अन्यायाचे वाटते. समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथोंग यांनी चिनी नात्यांना पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांची उपमा दिली : मध्यभागी व्यक्ती, आणि बाहेर जावे तसतशी ओढ कमी. मानववंशशास्त्रज्ञ यान युन्श्यांग यांना ईशान्य चीनमधील श्याज्या गावात घरोघरी जपलेल्या आहेराच्या याद्या आढळल्या. परतफेडीच्या वेळी त्या उघडल्या जात, अगदी आपल्या लग्नघरातील आहेराच्या वहीसारख्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत नोकरीची बातमी मिळण्यासाठी दूरच्या ओळखींचे महत्त्व दाखवले होते. समाजशास्त्रज्ञ प्येन यान्च्ये यांना मात्र चीनमधील त्येन्चिन शहरात उलट, म्हणजे जवळची नातीच कामी येतात असे आढळले, कारण सरकारच नोकऱ्या वाटत असताना बातमीपेक्षा अधिकाऱ्याचा शब्द मोलाचा होता, आणि तो विश्वासातल्या माणसाकरवीच मिळे.