व्हिट्रिफाइड टाइलला भोक पाडताना ती तडकते. कोणता बिट वापरू?

बिटाचं उत्तर एका ओळीत: व्हिट्रिफाइडला पोकळ तोंडाचा डायमंड बिट, भिंतीवरच्या साध्या सिरॅमिकला भाल्यासारख्या टोकाचा कार्बाइड बिटही चालतो. पण तुम्ही लिहिलंय, ‘खिळ्याने ठोकून खूण केली आणि हॅमरवर ड्रिल मारलं.’ टाइल तिथेच गेली, बिट कुठलाही असता तरी.

खिळा ठोकायच्या या सल्ल्यावरून मी मिस्त्री लोकांशी आजही भांडतो. ‘बिट घसरतो म्हणून टोचा मारायचा’ म्हणतात. त्या टोच्याने ग्लेझला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, केसाएवढी चीर पडते, दिसत नाही, आणि ड्रिल लागलं की तीच पुढे पळते. हॅमर मोड, म्हणजे फिरता फिरता ठोके मारणं, काँक्रीटसाठी आहे. काँक्रीट ठोक्याने चुरतं, टाइल मात्र ठिसूळ. मागे सिमेंटचा मसाला नसेल तर ठोका झेलायला काहीच नाही. म्हणून आधी बोटाच्या पेराने वाजवून बघा. पोकळ वाजली तर जागा बदला. कडेपासून निदान २५ मिमी आत राहा.

घसरण्यावर उपाय साधा आहे. हॅमर बंद, वेग कमी. डायमंड बिट ४५ अंशांत तिरका टेकवा. काही सेकंदांत चंद्रकोरीसारखी खाच पडते. मग ड्रिल फिरतं ठेवूनच हळूहळू सरळ करा. कोर वाढत वाढत पूर्ण गोल होते आणि बिट आपोआप जागेवर बसतो. ६-८ मिमीच्या बिटाला मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे पुरेत, ३५ मिमीच्या होल सॉला (मोठं गोल भोक कापणारा बिट) त्याच्या निम्म्याहून कमी.

व्हिट्रिफाइड इतकी घट्ट भाजलेली असते की वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिच्यावर कार्बाइड बिट नुसता तापतो आणि बोथट होतो. डायमंडही कोरडा चालवला तर जळतो. दर १०-१५ सेकंदांनी बिट पाण्यात बुडवा किंवा कुणाला तरी भोकावर पाणी फवारायला सांगा. दुधासारखा गाळ येत असेल तर सगळं ठीक. कोरडी पूड उडू लागली की थांबा. गाळाचा रंग सिमेंटचा किंवा विटेचा झाला, म्हणजे टाइल पार झाली. त्याच्या थोडं आधीपासूनच हात हलका करा.

आता बिट बदला. मागच्या भिंतीला मेसनरी बिट (वीट-काँक्रीटचा), तिथे हॅमर चालेल, पण बिट टाइलच्या कडेला घासता कामा नये. म्हणून टाइलमधलं भोक एखादा मिमी मोठं ठेवा.

आणि रावळप्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी, टाइलच्या जाडीत अडकवू नका. ती पूर्ण आत, भिंतीत ढकला. स्क्रू आवळला की प्लग फुगतो. टाइलमध्येच फुगला तर चार दिवसांनी तडा दिसतो आणि दोष टाइलच्या माथी जातो. ‘माल हलका होता’ हे मला म्हणूनच पटत नाही. ओल्या जागी प्लग बसवण्याआधी भोकात थोडं सिलिकॉन भरा.

हे आधी सांगायला हवं होतं: नळाच्या आणि स्विचच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आत पाइप किंवा वायर असते. पाणी वापरताना शक्यतो बॅटरीवरचं ड्रिल घ्या. वायरचंच असेल तर मशीनवर पाणी उडू देऊ नका आणि लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे ना, ते तपासा. आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा.