ब्रिटनमध्ये सेकंडहँड गाडी घेतली आहे, आता एमओटी (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची सक्तीची तपासणी) करायची आहे. आधी काय काय करून घ्यावं?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून इतरांसाठी गोषवारा: नऊ वर्षांची पेट्रोल गाडी, एप्रिलमध्ये घेतलेली. एमओटी 20 नोव्हेंबरला संपते. गॅरेजवाला म्हणतो, 'आधी फुल सर्व्हिस करून घ्या, नाहीतर नापास होईल.' त्यात दिवाळीला महिनाभर भारतात जायचं आहे.

गॅरेजवाल्याचं आधी निकालात काढू. सर्व्हिस आणि एमओटी यांचा एकमेकींशी फार थोडा संबंध आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कितपत चांगले आहेत हे एमओटीत तपासतच नाहीत. तिथे बघतात ते गाडी रस्त्यावर धोकादायक आहे का आणि धूर किती सोडते, एवढंच. ऑइल आणि एअर फिल्टर बदलल्याने तुमचा ब्रेक पॅड जाड होणार नाही. वर्षभरात सर्व्हिस झालेली नसेल तर जरूर करा, गाडीच्या भल्याचंच आहे, पण नापास होण्याच्या धाकाने तीनचारशे पौंड मोजू नका. एमओटीची फी साध्या कारसाठी जास्तीत जास्त 54.85 पौंड, आणि पुष्कळ गॅरेजं त्याहून कमीत करतात.

भारतात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन एकदा केलं की पंधरा वर्षं निवांत, मध्ये पीयूसी तेवढी काढायची. त्यामुळे इथलं हे दरवर्षीचं प्रकरण सुरुवातीला जाच वाटतं. गाडी तीन वर्षांची झाली की पहिली एमओटी, मग दरवर्षी. (मी लिहितेय ते इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सबद्दल. उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनी सुरू होते आणि ती सरकारी केंद्रातच करावी लागते.)

आता तयारी. सगळ्यात आधी सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवर जाऊन गाडीचा नंबर टाका आणि 'एमओटी हिस्टरी' उघडा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. गाडी कधी पास झाली, कधी नापास, कशामुळे, तेव्हा किती मैल झाले होते, सगळं दिसतं. त्यात गेल्या वर्षीच्या निकालाखाली 'अॅडव्हायझरी' म्हणून काही ओळी असतील. म्हणजे पास केलंय, पण इकडे लक्ष ठेवा. मागचे ब्रेक पॅड झिजत आलेत, पुढचा अमुक टायर मर्यादेच्या जवळ आलाय, सस्पेन्शनच्या अमक्या बुशला चीर दिसतेय, असं काहीबाही. आधीच्या मालकाने ते केलं नसेल तर वर्षभरात ते आणखी बिघडलेलंच असणार. थोडक्यात, पेपर फुटलेला आहे, बघून घ्या. वाचताना एक लक्षात ठेवा: 'निअरसाइड' म्हणजे फुटपाथकडची डावी बाजू, 'ऑफसाइड' म्हणजे ड्रायव्हरकडची उजवी. गॅरेजला फोन करून 'माझ्या गाडीच्या गेल्या एमओटीतल्या या दोन अॅडव्हायझरी, त्यांचा खर्च किती' असं नेमकं विचारलं की समोरचा माणूसही नेमकं बोलतो. 'एमओटीसाठी जे लागेल ते करून टाका' असं मात्र चुकूनही म्हणू नका.

मग घरच्या घरी करायच्या गोष्टी. एमओटीत गाड्या सर्वाधिक अडकतात त्या दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर यांच्यात. यातले दिवे आणि टायर तुम्ही स्वतः बघू शकता.

दिवे संध्याकाळी बघा. गाडी भिंतीकडे किंवा एखाद्या दुकानाच्या काचेकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबून आरशात पाहा. दोन्ही बाजूंचे आणि वरचा तिसरा, तीनही ब्रेक लाइट लागतात का ते दिसेल. नंबरप्लेटवरचा चिमुकला दिवा हटकून विसरला जातो, आणि तो गेला असेल तर निकालात तो लिहिला जातोच. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिक करत असेल तर बहुधा कुठला तरी बल्ब गेलाय. बल्ब काही पौंडांत मिळतो आणि बहुतेक गाड्यांत घरी बसवता येतो. फक्त एक करू नका: हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये ऑनलाइन मिळणारे झगझगीत एचआयडी किंवा एलईडी बल्ब. पांढराशुभ्र उजेड पडतो खरा, पण एमओटीत हेडलाइट सरळ नापास.

टायरच्या खाचा 1.6 मिलिमीटर तरी खोल हव्यात, तेही रुंदीच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात आणि टायरच्या पूर्ण घेरात. यासाठी इथे 20 पेन्सचं नाणं वापरतात. नाणं खाचेत उभं घाला. नाण्याच्या काठाला जी उठावदार पट्टी असते ती खाचेत पूर्ण बुडाली तर ठीक, पट्टी दिसत राहिली तर टायर मोजून घ्यायची वेळ आली. एकाच जागी बघून थांबू नका, प्रत्येक टायरला तीनचार ठिकाणी घाला. आणि पुढच्या टायरची आतली कडा बघायला स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. व्हील अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून नव्यासारखा दिसतो आणि आतून झिजून तारा उघड्या पडलेल्या असतात. तारा दिसल्या की निकाल 'डेंजरस', म्हणजे गाडी तिथून चालवत नेता येत नाही. टायरच्या बाजूला फुगा आलाय का हेही हात फिरवून बघा. इथल्या खड्ड्यांची कीर्ती आपल्या कानावर उशिरा येते, पण खड्डे आहेत, आणि टायरचे फुगे नि मोडलेल्या सस्पेन्शन स्प्रिंग ही त्यांचीच देणगी.

किल्ली फिरवून डॅशबोर्ड बघा. इंजिनचा, एबीएसचा, एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. इंजिनचा पिवळा दिवा लागलेलाच राहिला तर मे 2018 पासून तो मोठा दोष धरतात, गाडी कितीही गुळगुळीत चालत असली तरी. कुणी म्हणेल दिव्यावर टेप लावू, तर किल्ली फिरवल्यावर तो लागतो की नाही हेसुद्धा टेस्टर बघतो.

बाकीचं पटकन: वायपरचं रबर फाटलेलं नको, काचेवर फवारायचं पाणी भरलेलं हवं (बाटली रिकामी म्हणूनही नापास होतात लोक, याच्याइतका फुकटचा अपमान नाही), हॉर्न वाजायला हवा, सगळे सीटबेल्ट ओढून, झटका देऊन आणि लावून बघायचे. काचेवर खडा लागून टवका उडाला असेल तर मोजा. स्टिअरिंगच्या समोरच्या 290 मिलिमीटर रुंद पट्ट्यात 10 मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही, वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात 40 पर्यंत चालतो. काच दुरुस्ती बऱ्याच कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात असते, आधी पॉलिसी वाचा. आणि आरशाला लोंबणारी माळ, लिंबू-मिरची, फोनचा स्टँड त्या दिवसापुरतं काढून ठेवा. डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीला कुणी हरकत घेणार नाही, पण ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येणारी वस्तू हे दोषाचं कारण ठरू शकतं.

जाताना डिकी आणि मागची सीट रिकामी ठेवा, पेट्रोल आणि ऑइल पुरेसं असू द्या. घर ते गॅरेज पाच मिनिटांचं असेल तर मुद्दाम वीसेक मिनिटं फिरवून न्या, शक्यतो मोठ्या रस्त्याने. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापल्याशिवाय नीट काम करत नाही आणि थंड गाडीचा धूर वाईट येतो.

टेस्ट कुठे करावी, यावर माझं मत ठाम आहे. दुरुस्ती करणारं गॅरेजच परीक्षक असेल तर त्याला काम निघालेलं हवंच असतं. सगळे तसे नसतात, पण नवख्या माणसाला फरक कळत नाही. बऱ्याच कौन्सिलांची (म्हणजे इथल्या नगरपालिकांची) स्वतःच्या गाड्यांसाठी एमओटी केंद्रं असतात आणि ती सर्वांना खुली असतात. ते तुमची गाडी दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे उगीच दोष काढण्यात त्यांना काही मिळत नाही. फीमध्ये सवलत क्वचित मिळते, तेवढं चालेल. कौन्सिलचं नाव आणि 'एमओटी' असं शोधलं की सापडतं. कुठेही गेलात तरी टेस्ट बघत थांबता येतं, फक्त टेस्टरशी मध्येच गप्पा मारायच्या नाहीत.

नापास झालीच तर घाबरू नका, निकालातले शब्द नीट वाचा. 'मायनर' म्हणजे पास, पण लवकर दुरुस्त करा. 'मेजर' म्हणजे नापास. 'डेंजरस' म्हणजे नापास आणि दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर न्यायचीच नाही. त्याच गॅरेजात ठेवून दहा कामाच्या दिवसांत दुरुस्ती झाली तर फेरतपासणी फुकट. गाडी दुसरीकडे नेऊन दुरुस्त करून त्याच मुदतीत परत आणलीत तर अर्ध्यापर्यंत फी. बल्ब, वायपर, टायर, नंबरप्लेट अशा ठरलेल्या गोष्टी असतील आणि टेस्टनंतरच्या पुढच्याच कामाच्या दिवसाअखेर परत आणलीत तर तेही फुकट. निकालच चुकीचा वाटला तर आधी गॅरेजशी बोला, नाही पटलं तर कामाचे 14 दिवस संपायच्या आत सरकारकडे अपील करता येतं. तोवर दुरुस्ती करायची नाही, नाहीतर दाखवणार काय?

आता तारखेचं, कारण तुमची खरी अडचण तीच आहे. एमओटी संपायच्या आधी एक महिना वजा एक दिवस या काळात केली तर पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. तुमची 20 नोव्हेंबरला संपते, म्हणजे 21 ऑक्टोबरपासून केव्हाही करा, नवी मुदत पुढच्या वर्षीच्या 20 नोव्हेंबरपर्यंत. विमान त्याआधीचं असेल तर त्याहून लवकर करा. मुदत मग टेस्टच्या दिवसापासून मोजतात, थोडे दिवस बुडतील, बुडू द्या. कारण तुम्ही भारतात असताना एमओटी संपली तर गाडी नुसती रस्त्यावर उभी ठेवणंसुद्धा बेकायदा आहे. घराच्या ड्राइव्हवेवर असेल तर चालेल, पण गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला रीतसर कळवलं नसेल तर टॅक्स आणि विमा चालूच ठेवावा लागतो, आणि परतल्यावर आधी बुक केलेल्या एमओटीला किंवा दुरुस्तीला जाण्यापलीकडे ती कुठेही चालवता येत नाही, अगदी विमानतळावरून कुणाला आणायलाही नाही. दंड 1,000 पौंडांपर्यंत होऊ शकतो, आणि नंबर वाचणारे कॅमेरे इथे जागोजागी आहेत. रोड टॅक्सची मुदतही त्याच सुमारास संपत असेल तर दुहेरी घोळ होतो, कारण एमओटी नसताना टॅक्स भरता येत नाही. म्हणून 21 ऑक्टोबरच्या आठवड्यातली सकाळची वेळ आजच बुक करा. काही निघालं तर दुरुस्तीला हातात दिवस राहतात.